पॅरिस, व्हाया नारपोली

परवा शनिवारी जुन्या फोनमधले फोटो लॅपटॉपवर उतरवायला बसलो. काम अर्ध्या तासाचं, गेला अख्खा दिवस! मधेच डिसेंबर २०२२ चं फोल्डर लागलं. पॅरिस. आयफेलसमोर उड्या मारणारे चार बावळट, मोनालिसाच्या दिशेने उंचावलेले शेकडो मोबाईल, पुलावर काढलेले तेच ते फोटो... आणि त्यानंतर सलग चौतीस फोटो एका लाकडी सांगाड्याचे. आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "काय रे, पॅरिसला जाऊन मागाचे फोटो काढलेस?"

म्हटलं, ही गोष्ट एकदा लिहूनच काढावी.

आधी थोडं घरचं. आम्ही नारपोलीचे. अंजूरफाट्याकडून भिवंडीत शिरताना लागते ती नारपोली. माझे आजोबा मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मग पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. पप्पा तेव्हा सतरा वर्षांचे होते. शाळा सोडून ते भिवंडीत एका जॉबरच्या हाताखाली लागले. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. माग बंद पडला की पाना घेऊन धावायचं. बारा-तेरा वर्षं दुसऱ्यांचे माग दुरुस्त करून झाल्यावर त्यांनी एका गाळ्यात स्वतःचे टाकले. आधी चार, मग आठ, मग बारा. सगळे सेकंडहँड. त्यातले काही मुंबईच्या गिरण्यांतून भंगारात निघालेले. पप्पा गमतीने म्हणायचे, गिरणी आपल्याला सोडून गेली, पण तिचे माग आपल्याकडे आले.

मी लहानाचा मोठा झालो तो त्या आवाजात. खट-खट-खट-खट, मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा धोटा इकडून तिकडे, आणि असे बारा माग एका गाळ्यात, असे गाळे अख्ख्या गल्लीत. एक कारागीर सहा-आठ माग सांभाळणार, बारा तासांची पाळी. आझमगढचे एक चाचा आमच्याकडे पंधरा वर्षं होते. ते मागाकडे न बघता, नुसत्या आवाजावरून सांगायचे की चार नंबरची कांडी संपत आली. आमच्या गल्लीतली सगळी माणसं मोठ्याने बोलतात. भांडत नसतात हो, सवयच तशी! जर्मनीत होस्टेलवर पहिल्याच महिन्यात एका मुलीने मला नम्रपणे विचारलं होतं की तुम्ही फोनवर घरच्यांशी रोज का भांडता?

तर मी जर्मनीत. २०२१ च्या ऑक्टोबरात आखेनला मास्टर्सला गेलो. फी नाममात्र, पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाऊंट नावाचं एक प्रकरण असतं. तेव्हा त्यात १०,३३२ युरो भरून दाखवावे लागत, म्हणजे साधारण नऊ लाख रुपये. मग तुमचेच पैसे तुम्हाला दरमहा ८६१ युरो असे परत मिळणार. ते नऊ लाख पप्पांनी कुठून आणले हे मी विचारलं नाही. "झालीय सोय," म्हणाले. मीही मुकाट्याने बॅग भरली.

आता कबुलीजबाब. तिकडे मला कोणी "कुठला?" विचारलं की मी सांगायचो, "मुंबई." गोऱ्यांना सांगायला ठीक आहे, त्यांना कुठे भिवंडी कळणार. पण मी मराठी पोरांनाही तेच सांगायचो. कोणी खोदून विचारलंच की "मुंबईत कुठे?" तर "ठाण्याच्या पुढे," आणि विषय बदलायचा. भिवंडी म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर ट्रक, खड्डे आणि धूळ उमटते, ती मला इंजिनिअरिंग कॉलेजपासून ओळखीची होती. आखेनच्या विद्यापीठात टेक्स्टाईल तंत्रज्ञानाची मोठी संस्था आहे. मी दोन वर्षांत तिच्या दारातही गेलो नाही. न जाणो, कोणी विचारलं असतं, तुला यातलं काही कळतं का!

असो. डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही चौघांनी पॅरिसची टूर काढली. एक कोथरूडकर, एक नागपूरकर, एक हैदराबादी आणि मी मुंबईकर (!). आखेनहून पॅरिसला थेट रेल्वे आहे, मस्त, वेगवान, पण विद्यार्थ्यांसाठी बसच. शुक्रवारी रात्री निघालो, बेल्जियम झोपेत गेलं, शनिवारी सकाळी बेर्सीच्या बसस्टँडवर उतरलो. कोथरूडकराने एक्सेलमध्ये पंधरा-पंधरा मिनिटांचं वेळापत्रक केलं होतं. त्यात "सेन नदीकाठी भावुक होणे : १५ मि." अशी एक ओळ होती. खोटं नाही सांगत.

शनिवार सगळ्यांचा जातो तसाच गेला. लूव्रमध्ये युरोपात राहणाऱ्या सव्वीसच्या आतल्यांना फुकट प्रवेश. तिघं जर्मन रेसिडेन्स कार्ड दाखवून आत, आणि चार वर्षं नोकरी करून आलेला नागपूरकर वयामुळे सतरा युरोला पडला. त्याने मग वसूल करायचं म्हणून आम्हाला इजिप्तच्या ममीपासून सगळं दाखवलं. मोनालिसा तुम्ही कल्पना करता त्यापेक्षा लहान आहे, ७७ बाय ५३ सेंटीमीटर. गर्दी मात्र कल्पनेपेक्षा मोठी. नोत्र दाम २०१९ च्या एप्रिलमध्ये जळलं होतं, त्यामुळे आम्ही बघितल्या त्या परांच्या आणि क्रेन. (ते परत उघडलं २०२४ च्या डिसेंबरात. आमचं नशीब!) जेवण म्हणजे नागपूरकराचा चिवडा आणि लांबडा फ्रेंच पाव. त्याच्या आदल्याच महिन्यात युनेस्कोने त्या पावाला सांस्कृतिक वारसा जाहीर केलं होतं, तेव्हा आम्ही वारसा खातोय असं म्हणत तो कोरडा चावत होतो.

रात्री आयफेल. बाकी काही म्हणा, पण तो टॉवर फोटोत बघून बघून पाठ झाला असला तरी समोर उभा राहिला की गप्प करतो. दर तासाला पाच मिनिटं वीस हजार दिवे लुकलुकतात. पण त्या वर्षी युरोपात विजेचं संकट होतं, म्हणून पावणेबाराला टॉवरचे दिवे बंद करायचे. आम्ही बघत असताना तो अख्खा टॉवर एकदम काळा झाला. कोथरूडकर हळहळला. माझ्या तोंडातून निघालं, "अरे, लोडशेडिंग!" आमच्या लहानपणी भिवंडीत लाईट गेली की बारा माग एका दमात थांबायचे आणि त्या शांततेनेच आम्हाला जाग यायची. पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

रविवार, १८ डिसेंबर. आता फुटबॉलवाल्यांना ही तारीख वेगळी सांगायला नको. अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स, वर्ल्ड कपची फायनल, आणि आम्ही साक्षात पॅरिसमध्ये! दुपारी चारला सुरू. तिघांनी सकाळीच एका बारमध्ये जागा हेरून ठेवली. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, आणि त्या बारमधली बियर माझ्या दोन दिवसांच्या जेवणाएवढी महाग. म्हटलं, तुम्ही बघा, मी एक म्युझियम बघून येतो.

म्युझियम म्हणजे म्यूझे दे आर ए मेतिये, यंत्रांचं आणि विज्ञानाचं. त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे. अकरा नंबरच्या लाईनवर उतरलात तर सगळा प्लॅटफॉर्म तांब्याच्या पत्र्याने मढवलेला, गोल खिडक्या, वर मोठाली दातेरी चाकं. पाणबुडीत उतरल्यासारखं वाटतं. ज्या संस्थेचं हे संग्रहालय ती १७९४ साली, क्रांतीच्या धामधुमीत स्थापन झाली, आणि तिला जागा दिली एका जुन्या मठाची. तिथल्या चर्चमध्ये आता फुकोचा लंबक हेलकावे घेत असतो.

मी गेलो होतो पास्कलचं गणकयंत्र बघायला. सतराव्या शतकातली पितळी पेटी, चाकं फिरवून बेरीज करणारी. कॉम्प्युटरवाल्याने पंढरपूरला जावं तसं. ते बघितलं, क्रे-२ नावाचा जुना सुपरकॉम्प्युटर बघितला, मनोभावे फोटो काढले. संग्रहालयात चिटपाखरू नव्हतं, सगळं पॅरिस टीव्हीसमोर. दालनाचा पहारेकरीसुद्धा खुर्चीत बसून मोबाईलवर स्कोअर बघत होता.

पुढे गेलो आणि थबकलो. समोर माग!

लाकडाचा, उंच, डोक्यावर भोकं पाडलेला एक ढोल. पण खाली तेच. मागे ताण्याचा बीम, मधे वर-खाली होणारे धागे, पुढे कापड गुंडाळायचा रूळ. मला पाटी वाचायची गरजच पडली नाही. फक्त वास नव्हता. मागाला तेल, खळ आणि सुताच्या धुरळ्याचा एक वास असतो. तो नसला की ओळखीच्या माणसाला अनोळखी कपड्यात बघितल्यासारखं होतं. नकळत हात पुढे गेला आणि पहारेकरी कडाडला, "मस्यू!" सॉरी म्हटलं. तो परत मोबाईलमध्ये.

पाटीवर नाव होतं वोकांसोन. हा अठराव्या शतकातला अवलिया, यांत्रिक बदक आणि बासरीवादक करणारा. १७४० च्या दशकात त्याने हा माग केला. नक्षी विणायची तर कोणते धागे उचलायचे हे तोवर मागाशेजारी बसलेला पोऱ्या दोऱ्या ओढून ठरवायचा. वोकांसोनने ते काम भोकांवर सोपवलं. माग काही चालला नाही, बाजारात कोणी घेतला नाही. पण त्याने आपली यंत्रं राजाला देऊन ठेवली होती, ती या संस्थेत येऊन पडली. आणि पन्नासेक वर्षांनी ल्योंचा झाकार इथे आला, त्याने हा धूळ खात पडलेला माग बघितला आणि १८०४ च्या सुमारास स्वतःचा केला. तोच आपला जॅकार्ड! त्यात एकामागोमाग शिवलेले पुठ्ठ्याचे पत्ते. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि धागा उचलला जातो. भोक नसेल तर धागा खालीच. आहे किंवा नाही. एक किंवा शून्य.

पुढचं मला पाठ होतं, कारण सेकंड इयरला पाच मार्कांना होतं. झाकारचे पत्ते बघून १८३० च्या दशकात बॅबेजने आपल्या यंत्रासाठी तीच युक्ती घ्यायची ठरवली. झाकारचं रेशमात विणलेलं एक चित्र त्याच्या संग्रही होतं, ते विणायला सुमारे २४,००० पत्ते लागले होते. मग १८९० च्या अमेरिकन जनगणनेला होलेरिथची भोकाची कार्डं, त्याच्या कंपनीतून पुढे आयबीएम, आणि मग आम्ही सगळे. पाच मार्कांपैकी मला साडेचार मिळाले होते. पण उत्तर लिहिताना एकदाही डोक्यात आलं नाही की हा "लूम" म्हणजे आमच्या गाळ्यातला माग. मी ते पाठ केलं होतं आणि अभ्यास करताना आवाज येतो म्हणून खिडकी लावून घेतली होती!

राहवलं नाही. पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. भारतात रात्रीचे सव्वानऊ.

"काय रे, मॅच नाही बघत?"

"पप्पा, हे बघा." मी कॅमेरा फिरवला.

थोडा वेळ काहीच नाही. मग, "कुठला हा?"

"पॅरिसचा. पावणेतीनशे वर्षांपूर्वीचा."

"वर घे. अजून वर. तो ढोल कसला?"

मी समजावायला लागलो की त्याच्यावर कागद असायचा, त्यात भोकं... त्यांनी मधेच तोडलं. "हां, म्हणजे डॉबीच की. खुंटीच्या जागी भोक." झालं! मला जे समजायला एक सेमिस्टर लागलं ते सातवी शिकलेल्या माणसाने एका वाक्यात संपवलं.

"चालतो का?"

"नाही, बंद आहे. नुसता बघायला ठेवलाय."

"मग तेल कोण देतं? बंद असला तरी द्यायला लागतं. त्यांना सांग."

मी हसलो. म्हटलं, "पप्पा, आपला एखादा देऊया का यांना? चांगले पैसे मिळतील!"

तिकडे टीव्हीवर कॉमेंटरी चालली होती. पप्पा स्क्रीनकडे बघत नव्हते.

"आपले गेले रे."

"गेले म्हणजे?"

"दिले. दिवाळीच्या आधी. बाराही."

"कोणाला?"

"भंगारात." मागून आईचा आवाज, "आत्ता कशाला सांगताय त्याला?" मग पप्पाच म्हणाले, "तू तिकडे एकटा, म्हणून बोललो नाही. सुताचा भाव वर, कापडाचा खाली. चाचा लॉकडाऊनमध्ये गावी गेले ते आलेच नाहीत. गाळा भाड्याने दिलाय, गोडाऊनला. बरं चाललंय. तू मॅच बघ."

मला एकदम २६ जुलै २००५ आठवला. मी आठ वर्षांचा. सगळी भिवंडी पाण्यात, गाळ्यात माझ्या छातीएवढं पाणी. ओसरल्यावर बाराही माग चिखलाने माखलेले. लोक म्हणाले, गेले हे, विकून टाका. पप्पा आणि चाचांनी एकेक माग सुटा केला, रॉकेलमध्ये भाग धुतले, तेल दिलं, परत जोडला. महिनाभर घरी फक्त झोपायला यायचे. शेवटचा माग सुरू झाला त्या दिवशी पेढे वाटले होते. ज्या माणसाने ते पुरातून काढले त्याने ते स्वतः किलोवर मोजून दिले होते. आणि त्या वेळी मी आखेनमध्ये "मुंबईचा" होतो.

ते नऊ लाख रुपये कुठून आले होते हे मी तेव्हाही विचारलं नाही. आता विचारायची गरज नव्हती. कर्ज होतं, आणि ते फेडायचं होतं.

किती वेळ तिथे उभा होतो माहीत नाही. ते चौतीस फोटो तेव्हाचे. एकही धड नाही, अर्धे हललेत. बंद व्हायच्या आधी बाहेर पडलो तर रस्ता रिकामा, आणि एकदम चारी बाजूंच्या खिडक्यांतून असा आरडाओरडा झाला की मी दचकलो. फ्रान्सने दोन मिनिटांत दोन गोल केले होते. पुढे एक्स्ट्रा टाईम, ३-३, पेनल्टी, आणि फ्रान्स हरलं. बारमध्ये पोहोचलो तेव्हा मोठमोठी माणसं रडत होती. माझे डोळे कोणाला वेगळे दिसले नाहीत, तेवढं बरं झालं.

रात्री परतीच्या बसमध्ये कोथरूडकराने विचारलं, "तुला काय झालंय? तू तर फुटबॉल बघतही नाहीस."

म्हटलं, "मी मुंबईचा नाही. भिवंडीचा. नारपोली. आमचे माग होते, ते विकले." एवढंच. तो म्हणाला, "मग आत्तापर्यंत मुंबई का सांगत होतास?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण पलीकडच्या सीटवरचा हैदराबादी उठून बसला. त्याला आमचं मराठी कळत नव्हतं, "भिवंडी" तेवढं कळलं. म्हणाला, माझे आजोबा भिवंडीत मागावर होते, बारा वर्षं. तो हैदराबादचा नव्हताच! सिरसिल्लाचा होता. तेलंगणातलं मागांचं गाव, तिथले कितीतरी पद्मशाली भिवंडीत येऊन राहिलेत. सव्वा वर्ष आम्ही एका मजल्यावर राहत होतो, एका कुकरमध्ये भात लावत होतो, आणि दोघं एकमेकांना मोठ्या शहरांची नावं सांगत होतो. आखेन येईपर्यंत आम्ही धोटा आणि कांडीला तेलुगूत काय म्हणतात त्यावर बोलत होतो. मोठ्याने. पुढच्या सीटवरच्या बाईंनी दोनदा वळून बघितलं.

या गोष्टीला आता तीन वर्षं होऊन गेली. मास्टर्स संपवून मी परत आलो, ठाण्यात नोकरी करतो, कशेळीच्या पुलावर रोज तासभर अडकतो. आमच्या गाळ्यात आता ऑनलाईन खरेदीची खोकी असतात. पप्पा संध्याकाळी तिथे चक्कर मारतात, पाच मिनिटं उभे राहतात, येतात. बारा मागांमधून त्यांनी एक धोटा तेवढा ठेवलाय, देव्हाऱ्याखालच्या कपाटात.

मला मात्र एक गोष्ट डोक्यातून जात नाही. वोकांसोनचा माग बाजारात पडला होता. तो कोणीतरी ठेवला, म्हणून झाकारला बघायला मिळाला. आमचा तर चाललेला होता, पंचवीस वर्षं, आणि त्यातला एकही कोणी ठेवला नाही. मीसुद्धा नाही. माग काही आता परत येत नाही. पण पप्पांच्या डोक्यात अजून आहे सगळं. म्हणून गेल्या वर्षीपासून दर रविवारी मी त्यांच्यासमोर लॅपटॉप घेऊन बसतो. एका भागाचं नाव, तो काय करतो, बिघडला की आवाज कसा येतो, दुरुस्त कसा करायचा. एक्सेलमध्येच! कोथरूडकराला कळलं तर खूश होईल. एकशे बारा ओळी झाल्यात. "आवाज" या रकान्यासाठी पप्पा तोंडाने आवाज काढून दाखवतात, तो मी रेकॉर्ड करतो आणि आई हसून लोळते.

मागच्या महिन्यात पप्पांचा पासपोर्ट आला. पुढच्या वर्षी दोघांना घेऊन जायचा विचार आहे. आईला आयफेल बघायचाय. पप्पांना विचारलं, तुम्हाला काय बघायचंय? म्हणाले, "तो माग. त्यांनी तेल दिलं का बघू."